अ‍ॅप कुठलंही घ्या, तासाचा प्लॅन मोडायची तयारी आहे का?

डिजिटल टूल्सचा विषय निघाला की शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं अ‍ॅप चांगलं?" मला वाटतं हा प्रश्न नंतरचा. निम्म्या पोरांचं उत्तर चुकलं तर तुम्ही पोर्शन बाजूला ठेवून तिथेच थांबणार का, हे आधी ठरवा. थांबणार नसाल तर अ‍ॅप वापरा नाहीतर खडू, काय फरक पडतो?

उदाहरण देते. दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये जोडलेत, कुठला जास्त पेटेल? विद्युतधारेची व्याख्या घडाघडा म्हणणारी पोरंसुद्धा सांगतात की बॅटरीजवळचा, कारण त्यांच्या डोक्यात करंट वाटेत खर्च होत जातो! इथे फेट (PhET) या वेबसाइटवरचं सर्किटवालं सिम्युलेशन भारी कामाला येतं (2001 चं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमननी पुढच्याच वर्षी सुरू केलेला प्रोजेक्ट, फुकट आहे). इलेक्ट्रॉनचे ठिपके दोन्ही बल्बच्या आधी आणि नंतर एकाच वेगाने सरकताना दिसतात, म्हणजे दोन्ही बल्ब सारखेच पेटतात. पण ते लगेच लावायचं नाही हं. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, परत उत्तर द्यायचं, आणि मगच स्क्रीन. आधी दाखवलंत तर सगळे "हो हो, बरोबर" म्हणून मोकळे होतात आणि डोक्यातलं तसंच राहतं.

ही वाद घालायची पद्धत हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांची, 1990 च्या दशकातली. त्यांचा हिशोब मला फार आवडतो, साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा, त्याहून कमी तर परत शिकवा, जास्त तर पुढे चला. म्हणजे तासाला काय होणार हे पोरांची उत्तरं ठरवतात. लवचिक शिकवणं म्हणतात ते हेच, बाकी सगळी सजावट.

गणितात जिओजेब्रा, म्हणजे आलेख काढून हलवून बघायचं अ‍ॅप. y = ax² + bx + c चे तीन स्लायडर करून द्या आणि विचारा, b बदलला तर आलेख कुठे जाईल? बहुतेक जण म्हणतात डावी-उजवीकडे. स्लायडर ओढून बघा, शिरोबिंदू सरळ न जाता स्वतःच एका उलट्या पॅराबोलावरून घसरत जातो. का, ते पोरांनाच शोधू द्या, हुशार मंडळी तो पूर्ण तास सोडत नाहीत आणि बाकीचे a आणि c वर खेळत बसले तरी चालतं, तेवढ्यात मला मागच्या बाकांवर जाऊन बसता येतं.

घड्याळावर पॉइंट देणाऱ्या क्विझ मात्र मला जपूनच वापराव्याशा वाटतात. धमाल येते खरी, पण सावकाश विचार करणारं पोर तिथे कायम खाली राहतं. टायमर बंद करता येत असेल तर करा.

आणि सगळ्यांकडे फोन नसतील तर? प्लिकर्स नावाच्या अ‍ॅपमध्ये पोरांच्या हातात नुसती कागदी कार्डं असतात, कार्ड जसं फिरवून धरलं तसं ए, बी, सी, डी, आणि शिक्षकाच्या एका फोनच्या कॅमेऱ्यातून सगळ्या वर्गाची उत्तरं येतात. शेजाऱ्याचं कार्ड बघून कॉपी करणंही अवघड. तेही नको असेल तर डोळे मिटून छातीशी बोटं धरायला सांगा, एक बोट म्हणजे ए, दोन म्हणजे बी, चार्जिंगची भानगडच नाही.