उपाशीपोटी १९८

सांगलीत घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम मी करते. पावणेसहाला बुधगावातून गाडी काढायची, थंड पेटी पायाशी ठेवायची आणि विश्रामबाग, शंभर फुटी रोड, नेमिनाथनगर, वारणाली असं फिरत साडेनऊच्या आत उपाशीपोटीचे सगळे संपवायचे. लोकांना वाटतं सुई टोचली, नळी भरली, झालं. नंतर दाबून धरायची पाच मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. हात सरळ ठेवून कापसाचा बोळा दाबून धरावा लागतो. घरात कुणी असेल तर ते धरतात, नसेल तर मी धरते. तेवढ्यात माणसं जे बोलतात ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये कधी बोलत नसतील. आणि बोळा धरायला दुसरं कुणी नसतं अशी घरं माझ्या यादीत वर्षागणिक वाढत चालली आहेत.

काकूंचं घर त्यातलंच. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेले, मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. मूळचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्यांच्या वाड्याचा खालचा मजला बुडाला आणि काकूंना बोटीतून बाहेर काढलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. मग मुलांनी हट्टच धरला, वाडा विकला आणि विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मुलांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आई दुसऱ्यांदा पाण्यात सापडल्यावर कोणीही तेच केलं असतं. पण गावभागात काकू ओट्यावर बसल्या की गणपतीला निघालेली निम्मी माणसं 'बाई, बरं आहे ना' म्हणून जायची. संध्याकाळी बोळातली पोरं वह्या घेऊन यायची. आता दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते, किराणा ॲपवरून येतो, शेजारच्या फ्लॅटचे मालक बेंगळुरूला. पुराच्या भीतीनं वरच्या मजल्यांवर आणून ठेवलेली अशी बरीच म्हातारी माणसं मला भेटतात. "पाणी येत नाही इथं, एवढं खरं," असं काकू पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी नळी लावण्यात गुंतले होते, नुसतं हं म्हटलं.

त्यांची शीर अवघड. म्हाताऱ्या माणसांची शीर डोळ्यांना ठळक दिसते, पण वरची कातडी सैल झालेली असते. सुईचं टोक लागलं की ती बाजूला सरकते. अशा वेळी डाव्या अंगठ्यानं खालून कातडी ताणून शीर जागेवर धरायची, बटरफ्लाय सुई अगदी आडवी घालायची आणि दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. नवीन पोरं घाईत सिरिंज जोरात ओढतात. पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि त्या म्हाताऱ्या माणसाला परत टोचायची पाळी येते. याचा मला फार राग येतो. काकूंना मी एकदाच टोचते. त्यामुळे त्या बुकिंग करताना माझंच नाव सांगायच्या. माझी समजूत होती की एवढंच कारण आहे.

आधी त्यांची तपासणी तीन महिन्यांनी असायची, मग महिन्याला आणि शेवटी दर पंधरा दिवसांनी. साखर कधी नॉर्मल, कधी एकदम वर. डॉक्टरांनी साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, सुरू केली होती. आमच्याकडचा रिपोर्ट दुपारी बाराच्या सुमारास व्हॉट्सॲपवर जातो. काकूंचा तिघांना जायचा, त्यांना स्वतःला, मुलाला आणि मुलीला. मर्यादेबाहेरचा आकडा लाल रंगात येतो.

एका मंगळवारी उपाशीपोटीची साखर आली १९८, म्हणजे बरीच वर, आणि एचबीएवनसी ५.९, म्हणजे जवळपास नॉर्मल. हे दोन आकडे एकमेकांना जुळत नाहीत. उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळचं सांगते, एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. रोज सकाळी साखर दोनशेला टेकत असेल तर सरासरी ५.९ राहील कशी? रक्त कमी असलं तरी एचबीएवनसी फसवतं, म्हणून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी हिमोग्लोबिन बघितलं. ते ठीक होतं.

असं झालं की पहिला संशय येतो तो नमुना आणणाऱ्यावर. नळ्या बदलल्या का, लेबल चुकलं का, दुसऱ्याची करडी नळी हिला लागली का. मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं. साखरेची करड्या झाकणाची नळी आणि एचबीएवनसीची जांभळ्या झाकणाची, दोन्हींवर मी पेशंटच्या देखत, त्यांच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घेऊन बारकोड लावते. गाडीवर बसून एकदम सगळी लेबलं चिकटवणारे लोक या धंद्यात आहेत, मी त्यातली नाही. मॅडमना ते माहीत आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "परत घेऊन ये, पैसे लावू नका."

परत घ्यायला गेले त्या दिवशी आधीच्या घरचे लोक परगावी गेलेले निघाले, म्हणून मी पाऊण तास लवकर पोचले. काकूंनी दार उघडायला वेळ लावला. मी नेहमीप्रमाणे हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची रांग ओट्यावर उतरून एका स्टीलच्या वाटीकडे गेली होती. वाटीवर ताटली पालथी घातलेली, पण कडेनं श्रीखंड दिसत होतं, आणि बेसिनमध्ये तसलीच दुसरी वाटी विसळायची राहिलेली.

"काकू, काय खाल्लंत?"

"काही नाही गं."

मी काहीच बोलले नाही. त्या खुर्चीवर बसल्या. "श्रीखंड. एक वाटी झाली, दुसरी राहिली. तू लवकर आलीस."

मग म्हणाल्या, "बस की जरा," आणि टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. दोनशे पानी, रेघांची. डाव्या बाजूला तारीख, मग काय खाल्लं, किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात आलेला आकडा. गुलाबजाम दोन, साडेपाच, १५२. श्रीखंड एक वाटी, १६१. श्रीखंड दोन वाट्या, १९८. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईचं स्वच्छ, सरळ अक्षर. मधे मधे 'काही नाही, १०४' असंही होतं.

सुरुवात म्हणे मागच्या दिवाळीनंतर झाली. फराळानं साखर तेव्हा खरोखरच वाढली होती. रिपोर्ट गेला आणि दहा मिनिटांत मुलाचा फोन. रात्री काय जेवतेस, चालायला जातेस का, पायाला मुंग्या येतात का. पाऊण तास बोलला. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर दोघांनी अंगठा पाठवला. काकूंनी मला मोबाईल दिला. मी वर वर सरकवत गेले. रिपोर्ट, खाली अंगठा. रिपोर्ट, अंगठा. लाल आकड्याचा रिपोर्ट, त्याखाली कॉल, ४३ मिनिटं. पुन्हा रिपोर्ट, अंगठा.

"आकडा लाल आला की त्याला वेळ असतो," काकू म्हणाल्या. कुठलीही तक्रार नव्हती आवाजात. वहीत काढलेलं उत्तर सांगावं तसं सांगितलं.

मला रडू आलं असतं, पण टेबलावर मेडिकलवाल्यानं आणून दिलेली नवी पाकिटं दिसली. ग्लिमेपिराइड. १९८ चा आकडा फोनवर बघून डॉक्टरांनी वाढवलेली गोळी, दुसऱ्या दिवसापासून घ्यायची. मेटफॉर्मिननं एकट्यानं साखर सहसा फार खाली जात नाही, ही गोळी मात्र खाली खेचते. ज्याची साखर मुळात वाढलेलीच नाही, अशा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं ती घेतली आणि रात्री जेवण थोडं कमी झालं, तर झोपेत साखर घसरू शकते. घाम, थरथर, मग शुद्ध जाते. चौथ्या मजल्यावर बंद दाराआड ते कुणाला कळणार? दूधवाला पिशवी कडीला अडकवून निघून जातो. डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून दोन प्रश्न विचारले असते तर गोष्ट इथवर आलीच नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवर आकडा मागवायचा आणि फोनवरच गोळी सांगायची ही पद्धत आता सगळीकडे चालते, आणि आमच्यासारख्या लॅबवाल्यांनी ती सोपी करून दिली आहे.

गोळ्या घ्या किंवा घेऊ नका हे सांगणं माझं काम नाही. मी तिथूनच मॅडमना फोन लावला, मॅडमनी डॉक्टरांना. अर्ध्या तासात डॉक्टरांचा काकूंना फोन आला, नवीन गोळी बंद. तोवर मी बसून राहिले. ॲपवर माझ्या नावापुढे 'उशीर' असं दिसत होतं ते दिसू दिलं. काकूंनी एकच मागितलं, "मुलाला कळवू नकोस." मी म्हटलं, डॉक्टरांना सांगणं भाग होतं, मुलाला माझ्याकडून कळणार नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आज टोचणार नाहीस?" श्रीखंड खाल्ल्यावर उपाशीपोटीचा नमुना कसा घेणार. नाही म्हटल्यावर त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

दुपारी मॅडमनी मला बोलावून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल दाखवला, जून २०२५ चा. जगात सहा माणसांमागे एक एकाकी, आणि एकाकीपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार. पक्षाघात, हृदयविकार यांच्याबरोबर मधुमेहाचा धोकाही त्यानं वाढतो, असं त्यात आहे. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये या प्रश्नासाठी मंत्री नेमला, हेही मॅडमनीच सांगितलं. त्या दिवसापासून मी माझ्या यादीकडे वेगळ्या नजरेनं बघते. वारणालीतले एक आजोबा दर महिन्याला व्हिटॅमिन डी करून घेतात आणि मी पोचायच्या आत दोन कप चहा गाळून ठेवतात. व्हिटॅमिन डी दर महिन्याला करायची काहीही गरज नसते. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, पेशंट पैसे देतोय, आपण का नाही म्हणायचं? हे उत्तर मला घाणेरडं वाटतं. माणसाला घरी कुणीतरी यावं असं वाटतं आणि त्यासाठी त्याला रक्त द्यावं लागतं, यात आपण कमाई मोजायची?

काकूंना मी ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, १४५६७. त्या म्हणाल्या, अनोळखी माणसाशी काय बोलू? आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांचं सांगितलं, तर गुडघे आणि रिक्षाचं भाडं आडवं आलं. पण खरी गोष्ट मला माहीत आहे. त्यांना कुणीही नको होतं, मुलांचा आवाज हवा होता.

चार दिवसांनी मुलाचा लॅबला फोन आला, चिडून. आधी १९८ म्हणता, मग डॉक्टर म्हणतात गोळी नको, तुमचं मशीन बिघडलंय का? फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, मशीन ठीक आहे, नमुना उपाशीपोटीचा नव्हता. तो म्हणाला, आईला सांगितलं नव्हतं का तुम्ही? मी म्हटलं, त्यांना सगळं समजतं. आणि मग म्हटलं, "सर, रिपोर्ट नसेल त्या दिवशीही एकदा फोन करत जा."

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग, "ती काही म्हणाली का?" मी म्हटलं, मी एवढंच सांगू शकते. माणूस वाईट नव्हता. हिंजवडीहून घरी पोचायला रात्रीचे दहा वाजतात, तोवर आई झोपलेली असते, स्वतःच्या मुलीशीसुद्धा दोन-दोन दिवस बोलणं होत नाही, असं सांगत राहिला. शेवटी माझे आभार मानले.

आठवड्यानं त्यानं काकूंच्या नावानं वर्षभराचं पॅकेज घेतलं. दर महिन्याला उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, किडनी, लिव्हर, सगळं. बुकिंग बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं सांगून या माणसानं आईसाठी आणखी नळ्या विकत घेतल्या! पण काकूंकडे गेले तर त्या खूश. रविवारी मुलाचा फोन येतो म्हणाल्या, दर रविवारी नाही, पण येतो. आणि पॅकेज आहे म्हणजे तूही येशील.

जेवणानंतरची साखर म्हणजे त्याच सकाळी खाल्ल्यावर दोन तासांनी दुसरी फेरी. लॅबला ही फेरी परवडत नाही. मॅनेजर म्हणाला, दुसऱ्या नमुन्याला म्हातारीला रिक्षानं इकडे पाठव. मी नाही म्हटलं. काकूंचा उपाशीपोटीचा नमुना मी आता सकाळी पहिल्यांदा घेते आणि दुसरा सगळ्यात शेवटी, म्हणजे पुढे कुणी खोळंबत नाही.

वही अजून टेबलावर असते. मुलाला त्यातलं काही माहीत नाही. मॅडम म्हणतात, पेशंटची गोष्ट पेशंटपाशी राहू दे. माझी सासू म्हणते, सांगून टाक त्या पोराला, उद्या बाईनं श्रीखंड सोडून दुसरं काही केलं तर? मी काकूंना शब्द दिलेला आहे, आणि सासूचं म्हणणंही मला खोडता येत नाही.