निगेटिव्ह

मंगळवार, 12 ऑगस्ट

जीनएक्स्पर्ट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्राचा रिपोर्ट, निगेटिव्ह. आईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. नेमका अंगारकीला रिपोर्ट आला म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, पण आनंदाने नाही.

टीबी नाही म्हटल्यावर रडू का यावं? दुपारपासून हेच चाललंय डोक्यात.

शनिवारी मानेतल्या गाठीच्या सुईच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा आले, म्हणजे टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके. काल मॉन्टू, म्हणजे हातावरची टीबीची चाचणी, मोजली; फुगवटा 18 मिलिमीटर. घाबरले, तरी रात्री शांत झोप लागली. मनात सगळं लावूनही टाकलं होतं: सहा महिने एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या, लघवी केशरी होईल, सुमीच्या लग्नापर्यंत मोकळी. आणि आज यंत्र म्हणतं, जंतू सापडले नाहीत.

'सापडले नाहीत' म्हणजे 'नाहीतच' असं नव्हे, डॉक्टर म्हणाले. गाठीत जंतू मुळात थोडे. सुईत आलेल्या थेंबात नसतील तर यंत्राला दिसणार कुठून? मॉन्टू एवढंच सांगते की शरीराला या जंतूची कधीतरी ओळख झाली होती. बीसीजीमुळेही ती थोडी फुगू शकते. ग्रॅन्युलोमा सार्कॉइडोसिस नावाच्या वेगळ्या आजारातही होतात. म्हणजे तिन्ही रिपोर्ट आपापल्या जागी खरे, आणि मला काय झालंय ते एकही सांगत नाही. आता कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ते बघणं. 42 दिवसांपर्यंत. नमुना गुरुवारी गेला, म्हणजे 18 सप्टेंबर. गणपती येऊन जातील.

"तुला काय टीबी हवाय का?" हे म्हणाले. रागाने नाही, पण लागलं. दादाच्या वेळी यांनीच... जाऊ दे.

हो, हवाय. टीबीला गोळ्या आहेत, गोळ्यांचा हिशेब आहे, संपायची तारीख आहे. या गाठीला अजून नावच नाही. संध्याकाळी ताप चढतो तेव्हा कशाचा म्हणून सांगू? शाळेत रजेच्या अर्जावर कारण काय लिहू? सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतंय आणि मी एकटीच अडकलेय.

डॉक्टर म्हणाले, गाठ वाढली तर आख्खी काढून तपासू, तोवर थांबू. हा जंतू वाढतोच सावकाश. तिकडे बाटलीत माझ्या मानेतला थेंब 37 अंशांवर ठेवलाय, त्याला कुणी घाई करू शकत नाही. हे लिहिलं आणि खांदे जरा सैल झाले. का, ते नाही कळलं.

अर्जावर 'मानेत गाठ, तपासण्या चालू' एवढंच लिहिलं. आज खरं तेवढंच आहे.

चंद्रोदयाला वेळ आहे अजून. आई एकट्याच मोदक वळतायत, मदतीला जाते. मघाची साखर वाटीत तशीच आहे. ती खाते आधी.