आरशावरच्या दोन दांड्या

पायरीवर उभा राहून ट्रकच्या आरशाला पान्हा लावत होतो, तेवढ्यात मिरजेहून बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सोमवारची पहाट, माझ्याकडे कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या यार्डात रविवारची संध्याकाळ. "अहो, धुणं वाळत घालायला काठी बसवताय होय?" दिसायला तसंच होतं म्हणा. चार-चार फुटांच्या पांढऱ्या फायबरच्या दोन दांड्या, एक डाव्या आरशाला, एक उजव्या.

हा सीबी रेडिओचा अँटेना. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा वॉकीटॉकीसारखा रेडिओ. 27 मेगाहर्ट्झच्या आसपास 40 चॅनेल, एएमवर ताकद 4 वॅट, लायसन लागत नाही. ट्रकवाले 19 नंबरवर भेटतात, 9 नंबर अडीअडचणीला. 1973 च्या तेलटंचाईनंतर इथे वेगमर्यादा 55 मैलांवर आणली, तेव्हा डिझेल कुठल्या पंपावर आहे नि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे एकमेकांना कळवायला ट्रकवाल्यांनी सीबी उचलून धरला. आता सगळ्यांकडे फोन आहेत, मग हा खटाटोप कशाला?

कारण डॉनर पास, इथला बर्फाचा घाट. सॅक्रामेंटोहून रेनोकडे जाताना आय-80 महामार्ग सात हजार फुटांच्या वर चढतो. मागच्या जानेवारीत कोलफॅक्सच्या अलीकडे अडकलो होतो. फोनवर रस्ता नुसता लाल. पुढे काय झालंय, कुठली लेन बंद आहे, चाकांना बर्फाच्या साखळ्या लावायला थांबवताहेत का, काही पत्ता नाही. शेजारच्या ट्रकवाल्याला 19 वर सगळं ऐकू येत होतं. त्याने काच खाली करून ओरडून सांगितलं, डावीकडे एक ट्रेलर आडवा झालाय, उजवीकडे घे. रेडिओ माझ्याकडेही होता, पण अँटेना मोडका. त्या दिवशी ठरवलं.

या लहरीची लांबी 11 मीटर. तिचा पाव भाग म्हणजे नऊ फुटांची दांडी खरी हवी. पण ट्रेलरच साडेतेरा फूट उंच, त्यावर नऊ फूट काय उभं करणार? म्हणून चार फुटी दांडीवर तार गुंडाळून लांबीची कसर भरून काढतात. हे सगळं मला माहीत होतं. आयटीआयला वायरमन केलंय, त्याचा जरा माजही होता.

बसवलं आणि मीटर लावला. रेडिओने वर पाठवलेल्या ताकदीतली किती परत फिरते, ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. काटा दीडवर असेल तर 4 टक्के परत येते, झकास. तीनवर गेला की 25 टक्के, म्हणजे चारातला एक वॅट उलटा रेडिओच्या अंगावर. फार वेळ बोललात तर आतला ट्रान्झिस्टर जातो. माझा काटा चॅनेल 1 वर तीनच्या पुढे, 19 वर तीनच्या पुढे, 40 वरही तिथेच.

इथे घाई केली असती तर दांडीच्या टोकाचा स्क्रू फिरवत बसलो असतो. तो फिरवायचा केव्हा? 1 वर काटा जास्त नि 40 वर कमी असेल तर दांडी आखूड आहे, लांब करा. उलट असेल तर आखूड करा. तिन्हीकडे सारखाच बोंबलत असेल तर दांडीला हात लावू नका, दोष तिच्यात नाही.

दांडी काढली, मल्टिमीटर घेतला. डावीकडे केबलची मधली तार आणि ब्रॅकेट, यांच्यात चक्क बीप, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकलेले! नायलॉनचा वॉशर उलटा बसवला होता मी. त्याची उंच कड भोकाच्या आत जायला हवी, म्हणजे बोल्ट ब्रॅकेटला टेकत नाही. रुपयाभराची वस्तू. हे कुणाला सांगणार नव्हतो, पण आता लिहिलंच आहे.

तो सरळ केला, तरी काटा तसाच.

मग आयटीआयचे सर आठवले. अर्थिंगचा खड्डा आम्हालाच खणायला लावायचे, मीठ-कोळशाचे थर, वर पाणी. ट्रकला जमीन कुठली, खाली अठरा रबरी चाकं. इथे जमिनीचं काम ट्रकचं लोखंड करतं. अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे दांडी, उरलेला अर्धा म्हणजे चॅसिस. आणि आताच्या केबिनला लोखंड औषधाला! आरशाचा हात प्लॅस्टिकवर, त्यावर रंगाचा थर. ब्रॅकेट हवेत लटकल्यासारखं. पॉलिश पेपरने रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, विणलेल्या तांब्याची पट्टी ब्रॅकेटपासून दरवाजाला, दरवाजापासून केबिनच्या लोखंडाला आणि तिथून चॅसिसला. बिजागरीवर भरवसा ठेवला नाही, तिच्यात ग्रीस. काटा 1.8 वर आला. दोन्ही टोकांचे स्क्रू सारखेच आटे फिरवून 1.5. हे मोजताना दारं बंद हवीत आणि ट्रक मोकळ्यावर. शेडखाली मोजलेलं खोटं.

दोन दांड्यांचं मात्र मला काही पटलं नाही. त्या जोडीने पुढे-मागे आवाज जास्त फेकतात हे खरं, पण मधे साधारण नऊ फूट अंतर हवं, आणि ट्रकची रुंदीच साडेआठ फूट. म्हणून एक काढून पाहिली. काटा पुन्हा वर! दोन्ही दांड्यांना रेडिओशी जोडणारी जोडकेबल 75 ओमची असते, दोघींसाठीच बनवलेली. एकटीला 50 ओमची वेगळी लागते. ती आणली, डावीकडची एकच ठेवली, स्क्रू पुन्हा जुळवला, 1.4. कामाला पुरे.

सोमवारी मालक यार्डात आले. सरदारजी, माणूस दिलदार. आरशाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "पाजी, इक नईं, दो ला. वेखण नूं सोहणा लगदा ए." म्हणजे एक नको, दोन लाव, बघायला छान दिसतं.

उजवीकडची दांडी परत चढवली. तिला केबल जोडलेली नाही. मालकांना मी काही बोललेलो नाही.