सायकल ॲव्हरेज किती देते?

सायकलच्या हँडलवर मीटर दिसलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात, एक म्हणजे "टॉपला किती जाते" आणि दुसरा "किती चालली आत्तापर्यंत". आमच्या कंपनीच्या गेटवर तिसरा ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?", आणि विचारणारा स्वतःच आधी हसतो. मीपण सवयीने सांगून टाकतो की मिसळीच्या एका प्लेटमध्ये वीस, रस्सा जास्त असेल तर बावीस.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला खरंच वेळ लागतो, कारण ते उत्तर एका मीटरमध्ये नाहीये. दोन सायकली, तीन मीटर, मोबाईलमधलं एक ॲप आणि दरवर्षी व्हेंडरकडून येणाऱ्या रेक्झिनच्या डायऱ्या, एवढ्यांची बेरीज केली की काहीतरी आकडा येतो. २०१३ पासून चाललंय हे. गाव नाशिक, घर पंचवटीत, कंपनी सातपूर एमआयडीसीत, होळकर पूल ओलांडून रविवार कारंजा, अशोकस्तंभ, त्र्यंबक नाका आणि मग सरळ त्र्यंबक रोड. एका बाजूने नऊ-सव्वानऊ किलोमीटर. वर्षाला चार हजारांच्या आसपास जातात, कधी कमी कधी जास्त, आणि सगळं मिळून चाळीस हजारांच्या पुढे गेलंय एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो, त्याच्या पुढचे आकडे मात्र प्लस-मायनसमध्ये.

प्लस-मायनस म्हणायची सवय कामाची. मी क्वालिटीत आहे, दिवसभर गेज, व्हर्नियर, हाईट गेज, आणि ज्या इन्स्ट्रुमेंटवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे अचूकता तपासल्याचं, स्टिकर नाही त्याच्या रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही हे डोक्यात पक्कं बसलंय. आता सायकलचं साधं वायरवालं मीटर घ्या, ते अंतर मोजतच नाही मुळी. पुढच्या चाकाच्या आऱ्याला एक मॅग्नेट, फोर्कला एक सेन्सर, मॅग्नेट समोरून गेला की एक फेरा, आणि फेऱ्यांना तुम्ही फीड केलेल्या चाकाच्या परिघाने गुणायचं, संपलं. म्हणजे मीटर फक्त मोजणी करतं, माप तुमचंच. तुम्ही जो आकडा घातलाय तो चुकीचा असेल तर मीटर जन्मभर इमानदारीत खोटं बोलत राहणार.

बॉक्समध्ये जो कागद येतो त्यात तक्ता असतो. माझ्या पहिल्या सायकलला २६ बाय १.९५ चे जाड गुटगुटीत टायर होते, त्याला तक्त्यात २०५० मिलिमीटर. पुढे मी ते काढून २६ बाय १.५ चे गुळगुळीत टायर टाकले, त्याला १९८५. फरक दिसायला पासष्ट मिलिमीटरचा, पण टक्क्यात काढला तर सव्वातीन टक्के होतो, म्हणजे टायर बदलून सेटिंग तेच ठेवलं तर वर्षाच्या चार हजारांवर एकशेतीसेक किलोमीटर फुकटात खात्यावर जमा. आमच्यातले बरेच जण असेच श्रीमंत आहेत, मी नावं घेत नाही.

त्यात तक्ताही ढोबळच. टायरवर छापलेला साईज आणि हवा भरून माणूस बसल्यावरचा साईज यात फरक पडतोच. म्हणून एकदा, जाड टायर होते तेव्हाच, सेकंड शिफ्ट सुटल्यावर मी सायकल चक्क कंपनीच्या शॉप फ्लोअरवर आणली, तिथली फरशी सपाट असते म्हणून. दोन्ही चाकात ठरलेली हवा, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला, फरशीवर खडूने रेघ मारली, मी सीटवर बसलो, हेल्परने कॅरियर धरून सरळ रेषेत हळूहळू ढकललं, व्हॉल्व्ह तीनदा खाली आला की दुसरी रेघ. मग स्टिकर लावलेली स्टीलची टेप अंथरली आणि आलेल्या मापाला तीनने भागलं. एका फेऱ्याऐवजी तीन घ्यायचे कारण रेघ मारताना जी चूक होते ती तिघांत वाटली जाते. आलं २०३८. तक्त्यापेक्षा बारा मिलिमीटर कमी, वर्षाला तेवीस-चोवीस किलोमीटरचा फरक. सुपरवायझर लांबून बघत होता, त्याने फक्त एवढंच विचारलं की ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, काय दिलाय.

मोबाईलचं ॲप वापरा ना, हे सगळे सांगतात. वापरतो की, पण ते वेगळ्या पद्धतीने चुकतं. जीपीएस थोड्या थोड्या वेळाने एक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेघेने जोडतो, त्यामुळे वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं, उलट सिग्नलला उभं राहिलं की ठिपका जागच्या जागी नाचतो आणि दोनचार मीटर उगाच वाढतात. ऑटो पॉज चालू ठेवला तर स्लो ट्रॅफिकमध्ये ते मध्येच झोपतं. आमच्या स्टँडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बंद करायचं विसरलं की ठिपका बिचारा पार पलीकडच्या कंपनीत चक्कर मारून येतो. शिवाय बॅटरी. लांबच्या राईडला ॲप ठीक आहे, रोजच्या नऊ किलोमीटरला मला मॅग्नेटच बरा वाटतो. आता त्याचेही नखरे आहेत, खड्ड्यात आदळलं की सेन्सर फिरतो, मॅग्नेटपासून पाचसहा मिलिमीटरच्या वर लांब गेला की मोजणं बंद, आणि सातपूरला पोचून बघावं तर स्क्रीनवर शून्य. दर पावसाळ्यात त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची. आणि सेल! ते गोल सीआर २०३२ बटन सेल संपले की माझ्या पहिल्या मीटरची सगळी टोटल जायची, म्हणून आकडे फिके पडायला लागले की पहिलं काम डायरीत ओडोमीटर उतरवायचं.

डायरीची सवय तिथून लागली, आणि आता खरं सांगायचं तर मीटरपेक्षा डायरीच कामाची झालीय. तारीख, ओडो, आणि पुढे एक-दोन शब्द. बस. "मागचं पंक्चर, खिळा." "चेन नवीन." "वारा." २०१५ च्या कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवसांची पानं कोरी आहेत, पंचवटीतून बाहेर पडायलाच जागा नव्हती. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा एक किलोमीटरचा तुकडा स्मार्ट रोडसाठी खोदला तेव्हा रोजचे आकडे जरा वाढलेले दिसतात कारण मी पंडित कॉलनीतून शरणपूर रोडला निघायचो, आणि ते वाढलेले आकडे इतके महिने चालू राहिलेत की नवीन माणसाला वाटेल यांनी घर बदललं. ऑगस्ट २०१९ च्या पुराला नुसतं "पाणी" लिहिलंय. नाशिककर पूर कसा मोजतो हे बाहेरच्यांना सांगायला हवं, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं पण गावात एकच चौकशी चालते, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, का छातीला. ते इन्स्ट्रुमेंट कधी कॅलिब्रेशनला पाठवावं लागत नाही. मार्च २०२० नंतर तर सरळ पानंच्या पानं रिकामी, मध्ये कुठेतरी "हवा भरली" एवढंच.

आणि हे सगळं कशासाठी? फुशारकी थोडी आहेच, नाही कशाला म्हणू. पण मुख्य उपयोग चेनचा. चेन ताणली जाते म्हणतात, खरं तर लोखंड ताणत नाही, आतल्या पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी जागा होते. एक साधी स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, बारा इंचावर पुन्हा बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. अर्धा सूत पुढे गेला, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, की चेन बदलायची. पूर्ण एक सूत म्हणजे आठवा भाग गेला तर मग नुसती चेन बदलून भागत नाही, झिजलेल्या चेनने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातपण खाल्लेले असतात, नवीन चेन त्यावर उड्या मारते. आता हे कधी बघायचं ते डायरी सांगते. माझी चेन तीन हजाराच्या आसपास मान टाकते, त्यातही पावसाळा धरून झालेले तीन हजार आणि दिवाळीनंतरचे कोरडे तीन हजार यात चांगलाच फरक आहे, रस्त्यावरचा चिखल आणि एमआयडीसीतली बारीक धूळ तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते. दुकानदार प्रत्येक वेळी म्हणतो अजून चालेल की साहेब, मी पट्टी काढून दाखवतो, तो म्हणतो तुमचं काही खरं नाही.

पैशाचं विचाराल तर चार हजार किलोमीटर मोटरसायकलने केले, पंचेचाळीस-पन्नासचं ॲव्हरेज धरलं, तर ऐंशी-नव्वद लिटर पेट्रोल, शंभरच्या वरच्या भावाने आठनऊ हजार. त्यातून चेन, टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, वर्षातून एकदा चाकाचा आउट (डुलणं) काढणं आणि ओव्हरहॉलिंग वजा करा, तरी बऱ्यापैकी उरतात. ते कुठे जातात ते मिसळवाल्याला विचारा.

२०१५ ला आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करायची ती रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) शर्यत दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली आणि त्यानंतर गावात सायकलचं वारंच फिरलं. चांगलंच झालं. पहाटे गंगापूर रोडला हेल्मेटवाल्यांची रांग असते, बीआरएमवाले आहेत, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळात पूर्ण करणारे, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. त्यांच्यासमोर माझे नऊ किलोमीटर काढायलाही लाज वाटते, पण एक गोष्ट मला खुपते ती सांगतोच, हौसेच्या सायकली वाढल्या तसा कंपनीचा सायकल स्टँड रिकामा होत गेला. मी लागलो तेव्हा काळ्या दांडीच्या सायकलींना हँडलला हँडल लागायचं, आता तिथे मोटरसायकली.

आकड्यांच्या बाबतीत या लांबवाल्यांकडून एक मजेशीर प्रकार कळला, एडिंग्टन नंबर. आर्थर एडिंग्टन म्हणजे तोच इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, १९१९ च्या ग्रहणात फोटो काढून आइनस्टाईनचं बरोबर आहे म्हणणारा, आणि १९३५ मध्ये आपल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांचं ताऱ्यांवरचं संशोधन भर सभेत उडवून लावणारा. पण गडी सायकलवेडा. त्याने स्वतःसाठी मोजमाप काढलं, समजा तुमचा नंबर ५० तर तुम्ही किमान पन्नास मैल असे किमान पन्नास दिवस चालवलेले पाहिजेत. सभेत टाचणी लावली तरी नंतर पत्रात चंद्रशेखरांना आपला वाढलेला नंबर कळवायचा, काय माणसं असतात. १९४४ ला गेला तेव्हा त्याचा नंबर ८४ होता, तोही मैलात.

मी हौसेने माझा काढला, किलोमीटरमध्येच. अठरा! चाळीस हजार किलोमीटर करून अठरा. कारण जाऊन-येऊन माझे अठराच होतात, म्हणजे पहिल्या महिन्यातच नंबर अठराला पोचला आणि मग वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडून बसला, आणखी शंभर वर्षं सातपूरला गेलो तरी एकोणीस होणार नाही. कार्तिकेय पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला गेला आणि गणपती आईबापाभोवती फिरून मोकळा झाला, मी बेरजेने पृथ्वीचे ४०,०७५ पूर्ण केलेत पण गेलो कुठेच नाही. आता शनिवारच्या सुट्टीला अधूनमधून त्र्यंबकेश्वर गाठतो, जाऊन-येऊन पंचावन्न-साठ होतात, त्यामुळे नंबर हलायला लागलाय, पण प्रत्येक पायरीला आणखी एक लांब दिवस मागतो. बायको म्हणते, देवाला जाताय असं तरी सांगा लोकांना.

पुराव्याचा प्रश्नही आहेच. १९३९ मध्ये टॉमी गॉडविन नावाच्या इंग्रजाने एका वर्षात ७५,०६५ मैल सायकल चालवली, म्हणजे रोजचे तीनशे किलोमीटरच्या वर, त्याच्या मीटरला सील लावलेलं होतं आणि वाटेत भेटलेल्या माणसांकडून कार्डांवर सह्या घ्यायला लागायच्या. माझ्याकडे वॉचमनच्या रजिस्टरमध्ये इन टाइम आहे, तेवढा पुरावा पुरे.

आमच्या टूलरूममधले एक काका म्हसरूळहून यायचे, तीस वर्षं सायकलने, मीटर-बीटर काही नाही, उजव्या पायाच्या पँटला क्लिप आणि कॅरियरला डबा. रिटायर व्हायच्या आधी चहाच्या टपरीवर मी त्यांचा हिशोब काढला, रोजचे चोवीस, वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं, झाले दोन लाख सोळा हजार. म्हणलं काका, चंद्र तीन लाख चौऱ्यांशी हजारांवर आहे, तुम्ही अर्ध्याच्या पुढे गेलात. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "अरे बाबा, मग पेन्शनीत काही वाढ देतील का?"

मीटर बसवायचा विचार असेल त्यांना माझं सांगणं एवढंच की वायरवालं साधं घ्या, पहिल्याच दिवशी हवा भरून, स्वतः बसून तीन फेऱ्यांचं माप घ्या, सेल बदलायच्या आधी आकडा कागदावर उतरवा. आणि एक स्टीलची फूटपट्टी. माझी सध्याची चेन सत्तावीसशेच्या पुढे आहे आणि चढाला पाय दिला की कडकड करायला लागलीय, या शनिवारी दुकानात पट्टी घेऊन जायचंय.