चंद्रतालचा बेत: किन्नौरमार्गे जायचं ठरलं

हिमाचलच्या लाहौल-स्पितीतल्या उंचावरच्या चंद्रताल तलावाचा बेत एक पाऊल पुढे सरकलाय. महिना ठरला, रस्ता ठरला. तलावावर पोचायची तारीख मात्र मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

आधी महिन्याचं सांगतो. मला तिथलं रात्रीचं आकाश टिपायचंय, म्हणजे अमावस्येच्या आसपास पोचायला हवं. तलावाजवळच्या कुंझुम खिंडीचा रस्ता साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर सरता सरता बंद होऊ लागतो. त्यातले जुलै-ऑगस्ट ढगांमुळे बाद केले. उरली पितृपक्षातली सर्वपित्री. वायव्य भारतातून मान्सून सरासरी 17 सप्टेंबरच्या सुमारास परतू लागतो आणि अंधार पडला की आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग नैऋत्येला दिसतो. गणपती विसर्जन करून निघता येतं, हेही बरंच.

तरीही सप्टेंबरअखेर म्हणजे निर्धास्त असं कुणी समजू नये. 2018 च्या सप्टेंबरअखेर लाहौल-स्पितीत एवढा बर्फ पडला की शेकडो लोक अडकले. जुलै 2023 मध्ये तर ऐन पावसाळ्यात चंद्रतालच्या कॅम्पांवर अडीचशेच्या वर पर्यटक अडकून पडले होते. पश्चिमेकडून येणारा झंझावात आणि मान्सूनचं बाष्प यांची गाठ पडली की त्या उंचीवर कुठल्याही महिन्यात बर्फ होऊ शकतो. तलाव सुमारे 4,250 मीटरवर, कुंझुम 4,550 च्या आसपास. बातलहून तलावाकडे जाणारा 14 किलोमीटरचा फाटा म्हणजे डोंगराच्या कुशीत खोदलेली अरुंद वाट. ती बुजली की बाकीचे रस्ते उघडे असून उपयोग नाही.

म्हणून रस्त्याचा विचार सगळ्यात जास्त केला. मनालीहून अटल बोगद्यातून ग्राम्फू, छत्रू, बातल करत एका दिवसात तलाव गाठता येतो आणि बरेच जण तसं करतातही. पण मनाली 2,050 मीटरवर. एका दिवसात 2,200 मीटर चढून तिथेच झोपायचं, हे मला पटत नाही. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम. शिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलं तर कल्पा, नाको, ताबो, काझा असे मुक्काम आपोआप पडतात आणि शरीर सावकाश रुळतं.

माझ्या दृष्टीने या रस्त्याचा खरा फायदा हवामानाचा आहे. घरून निघताना दहा दिवसांपुढचा अंदाज बघून काहीच ठरवता येत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर मात्र बऱ्यापैकी विसंबता येतं. किन्नौरमार्गे गेलं की तो अंदाज हाती येईपर्यंत आपण काझात असतो, विरळ हवेला सरावलेले, आणि निर्णय घ्यायच्या जागेपासून काही तासांवर. म्हणजे उंचीला सरावायचे दिवस तेच आणि हवेची वाट बघायचे दिवसही तेच. मनालीकडून जाताना दोन्हींसाठी वेगळी रजा लागते.

अंदाज वाचताना पावसाच्या आकड्यापेक्षा शून्य अंशाची पातळी, म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, आधी बघतो. ती 4,000 मीटरपर्यंत खाली येणार असेल आणि थोडाही पाऊस दाखवत असेल, तर तलावावर तो बर्फच. हवामानाचा अंदाज संगणकावर काढणाऱ्या युरोपीय मॉडेलची चौकट सुमारे 9 किलोमीटरची असते, त्यात शिखर आणि दरी यांची सरासरी होते. म्हणून मॉडेल त्या ठिकाणाची उंची किती धरतंय ते तपासावं आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांचा फरक मनात धरावा. सोबत शिमल्याच्या हवामान केंद्राचा लाहौल-स्पितीचा इशारा. दोन मॉडेलं आणि इशारा यांपैकी एकानेही बर्फ म्हटलं तर काझातून हलायचं नाही. खिंडीच्या अलीकडच्या लोसर गावात चालकांकडून खिंडीची खबर घेणार, ती प्रतिकूल असेल तरीही तिथूनच माघारी.

तलाव हुकला तर लांगझा. 4,400 मीटरवरचं गाव, आकाश तेवढंच काळं, आणि परतीला कुंझुम ओलांडावी लागत नाही. हवा चांगली असेल तर एक रात्र तलावाजवळ आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मनालीच्या दिशेने. बातल ते ग्राम्फू दरम्यानचे नाले हिमनद्यांच्या पाण्याचे. दुपारी ऊन तापलं की फुगतात, सकाळी उतरलेले असतात. त्यामुळे परतीचं तिकीट चंदिगडहून, तारीख बदलता येईल असंच काढणार, चार पैसे जास्त गेले तरी.

चंद्रताल 2005 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, काठावर तंबूला मनाई आहे. कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात, वाहनतळापासून पुढे पायीच. रात्री ट्रायपॉड घेऊन जायचं तर हे अंतर परवानगीसकट आधी कॅम्पवाल्यांशी बोलून ठेवावं लागेल. ते फोन अजून बाकी आहेत. उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग भाड्याने बघतोय आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या रात्री त्यातच, अंगाशी ठेवणार.