तुम्ही विचारलंत म्हणून: समोरच्याकडे काय पत्ते आहेत हे कळतं कसं?

पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर मी पोकरच्या टेबलवर डीलर आहे. गणपतीत गावी सावंतवाडीला गेले आणि रात्री आरतीनंतर पत्ते पिसायला घेतले की कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, समोरच्याकडे काय आसा ता तुका कसां कळता गो?" पणजीतल्या मैत्रिणी पण विचारतात, गोंयकार म्हणून त्यांना तर 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदीच आहे, तरी उत्सुकता आहेच. आणि सगळ्यांची समजूत एकच, की हे चेहऱ्यावरून कळतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

चेहऱ्याचं आधी उरकून टाकते. चिप्स पुढे सरकवताना कोणाची बोटं थरथरली की लोकांना वाटतं हा थापा मारतोय, पण मी टेबलवर बघितलंय ते बहुतेक वेळा उलटं, भारी पत्ते लागले की हात कापतो. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला, कारण 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं त्याआधी लोक वर्षानुवर्षं समोरच्याचं तोंडसुद्धा न बघता खेळत होते आणि त्यातले चांगले खेळाडू पत्ते बरोबर ओळखत होतेच ना.

वाचायची असते ती बेट, म्हणजे समोरचा कधी आणि किती पैसे लावतो ते. होल्डेममध्ये, म्हणजे आमच्या टेबलवरच्या पोकरमध्ये, प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मधे सगळ्यांची मिळून पाच उघडतात, आधी फ्लॉपची तीन, मग टर्न, मग रिव्हर. फ्लॉपच्या आधी एकदा आणि नंतर तीनदा, असे बेटिंगचे चार राऊंड. दोन पानांच्या एकूण जोड्या होतात 1326, सुरुवातीला त्यातली कुठलीही समोरच्याकडे असू शकते, आणि दर राऊंडला तो जे करतो त्यावरून त्या गळत जातात. गळलेली जोडी परत येत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रिव्हरला मोठी बेट आली की लोक घाबरून समोरच्याच्या हातात असे पत्ते घालतात जे घेऊन तो पहिल्या राऊंडलाच फोल्ड झाला असता, म्हणजे पत्ते टाकून बाहेर पडला असता. आपण मेंढीकोट खेळताना हे न शिकता करतोच की, भिडूने किलवरवर किलवर टाकलं नाही की त्याच्याकडचं किलवर संपलं हे पक्कं, मग पुढचा सगळा डाव ते धरूनच चालतो. पोकरमध्ये एवढं पक्कं कधी नसतं, पण रीत तीच.

एक हँड घेऊया. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी टाकायचीच रक्कम, 100-200. ब्लाइंडच्या लगेच पुढे तुम्ही बसलाय, हातात काळे दोन्ही एक्के, तुम्ही 700 पर्यंत रेज केलं, म्हणजे रक्कम वाढवली, फक्त बटणवाल्याने, म्हणजे फ्लॉपनंतर ज्याची पाळी शेवटी येते त्याने, कॉल केलं, म्हणजे तेवढेच टाकले. पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, 1700. इथेच त्याचे बरेच पत्ते गळले, कारण राजांची जोडी किंवा एक्का-राजा असता तर बहुतेक जण परत रेज करतात. राहिलं काय, तर मधल्या आणि छोट्या जोड्या, राजा-राणी, आणि दोन्ही बदाम, दोन्ही इस्पिक अशी खेळण्यासारखी पानं. फ्लॉप आला बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. तुम्ही 1000 टाकले, त्याने कॉल केलं. टर्नला इस्पिक दुर्री, तुम्ही 2500, परत कॉल. पॉट 8700 झाला.

आता मोजा. राजा-राणीच्या बारा जोड्या, कारण एक राजा टेबलवर आहे, उरले तीन, गुणिले चार राण्या. अठ्ठ्यांच्या तीन आणि तिर्रींच्या तीन, म्हणजे सेट, टेबलवरचं धरून एकाच आकड्याची तीन पानं, सहाच. आणि बदामवाले, म्हणजे पाच बदाम जमून फ्लश व्हायला अजून एका बदामची वाट बघणारे, एक्क्याबरोबर बदामचं दुसरं पान अशा दहा, शिवाय राणी-गुलाम, गुलाम-दश्शी अशा तीन-चार. हे बोटांवर होतं, त्याला गणिताची डिग्री लागत नाही.

रिव्हरला तुम्ही चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, आणि त्याने 6000 टाकले. तुम्हाला 14700 जिंकायला 6000 घालायचेत, म्हणजे शंभरात 29 वेळा जरी तुम्ही बरोबर निघालात तरी कॉल परवडतो. समजा रिव्हर चौकट सत्ती आली. राजा-राणीवाला इथे एवढी मोठी बेट सहसा करत नाही, तो गुपचूप चेक करून पत्ते दाखवतो. मग राहिले तुमच्या एक्क्यांना हरवणारे सेट सहा, आणि बदामची वाट बघून हात हलवत बसलेले, ज्यांना जोडीही लागली नाही असे दहा-अकरा. त्यातल्या निम्म्यांनीच ब्लफ करायचं धाडस केलं तरी पाच होतात, अकरात पाच, कॉल करा. आणि तीच सत्ती बदामची आली तर? बेट तीच, माणूस तोच, पण आता त्याच्याकडे ब्लफ करायला पानंच नाहीत, कारण या टेबलवर ड्रॉ, म्हणजे एका पानासाठी अडलेला हात, म्हणावा असा बदामचाच होता आणि तो लागला, फ्लश झाला, जो तुमच्या एक्क्यांना हरवतो. फोल्ड. किती लोकांना मी इथे "मला वाटलं ब्लफ मारतोय" म्हणत कॉल करताना बघितलंय, खरंच वाईट वाटतं, आणि डीलरने तर तोंडातून शब्द काढायचा नसतो.

अजून एक गंमत बघा, मला यात सगळ्यात आवडणारी. तुमच्या दोन एक्क्यांत बदामचा एक्का असेल तर? मग एक्क्यावाले ते सगळे बदाम त्याच्याकडे असूच शकत नाहीत. बदाम सत्तीवर त्याचे फ्लश तेरावरून तीन-चारवर येतात, हे तुमच्या फायद्याचं. पण चौकट सत्तीवर त्याचे बहुतेक ब्लफच नाहीसे होतात, तिथे तोच एक्का तुमच्या तोट्याचा. एकच पान, दोन रिव्हर, दोन उलट अर्थ.

हे सगळं कोणासमोर चालतं ते मात्र बघावं लागतं. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून मजा करायला आलेला पाहुणा पहिल्या राऊंडला काहीही घेऊन कॉल करतो, त्याची पानं तिथे फारशी गळत नाहीत, त्यामुळे फ्लॉपवरचं वाचन ढिलं ठेवा. पण रिव्हरला तोच पाहुणा चेक-चेक करत येऊन अचानक मोठा आकडा टाकतो तेव्हा मी बघितलंय की त्याच्याकडे असतंच. वरचा हिशोब तिथे लावू नका, तो नेहमी येणाऱ्या, आठवडाभर संध्याकाळी सात वाजता येऊन बसणाऱ्या माणसासाठी आहे.

सराव कसा करायचा हेही विचारता. खेळताना नाही, फोल्ड केल्यावर करा. बहुतेक जण पत्ते टाकले की मोबाइल काढतात. त्याऐवजी उरलेल्या दोघांमधला एक निवडा, दर राऊंडला त्याचे काय काय गळलं ते मनात म्हणा, आणि पत्ते उघडायच्या आधी उरलेल्या दोन-तीन शक्यता पक्क्या करा. गावी काडेपेटीच्या काड्या लावून खेळलात तरी हे जमतं, दिवाळीला मी येतेय तेव्हा बसूया.