आमची वाटचाल : धुलाईचं बिल

आम्ही गाड्यांच्या गळक्या इंधनटाक्या दुरुस्त करतो. आमच्या पावतीवर टाकीच्या कामाच्या दोन ओळी असतात. एक धुलाई, दुसरी वेल्डिंग. धुलाईची रक्कम मोठी असते आणि नवं गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं. "मालक, भोक केवढं आणि बिल केवढं?" भोक टाचणीएवढं असतं, हे खरं आहे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुरुवात केली ती रेडिएटर झाळण्यापासून. तांब्या-पितळेचे रेडिएटर, कथिल-शिशाचा डाग, नवसागराचा धूर. पुढे तेच गाडीवाले डिझेलच्या टाक्या घेऊन यायला लागले. अॅल्युमिनियमचे रेडिएटर आले तसं जुनं काम आटलं आणि घर टाक्यांवर चालू लागलं. उद्यमनगरातली जागा पुरेना, म्हणून शिरोलीला हायवेलगत शेड घेतली.

टाकी गळते ती बहुधा ठरलेल्या जागी. तिला चेसिसला आवळणाऱ्या पट्ट्याखाली रबर असतं. त्यात चिखलपाणी अडकून राहतं आणि पत्रा बाहेरून कुजतो. दुसरी जागा टाकीच्या आत डिझेल अडवायला लावलेल्या पत्र्याच्या पडद्यांच्या जोडाची. खड्ड्यांत डिझेल हेंदकाळतं, त्याचा मार त्या जोडावर बसतो आणि चीर जाते. उसाच्या हंगामात अशा टाक्या रोज दारात असतात. ड्रायव्हरने वाटेत साबणाची वडी घासलेली असते, नाहीतर एम-सील थापलेलं असतं. कारखान्यापर्यंत पोचायला ते ठीक आहे. आम्हाला मात्र सगळं खरवडून पत्रा उघडा करावा लागतो.

आणि मग ते नेहमीचं वाक्य येतं. "टाकी रिकामीच हाय की, मारा दोन टाके!" रिकामी आहे हीच तर अडचण. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडकते. काठोकाठ भरलेल्या टाकीत तेवढी हवाच नसते. नुकत्याच उपसलेल्या टाकीत वाफ आणि हवेचं प्रमाण नेमकं जुळून येतं. डिझेल थंड असताना गरीब वाटतं, पण वेल्डिंगची धग लागली की शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यात मुरलेलं तेल वाफ होऊन बाहेर येतं. स्फोटाला हातात मावेल एवढं तेल पुरतं.

त्यामुळे आमचा वेळ जातो तो धुण्यात. टाकी गाडीवरून उतरवायची, फ्लोट, नळ्या, झाकण सगळं काढायचं. लोखंडी टाकी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने खळबळून काढायची, मग वाफ सोडायची, तीही टाकीचं अंग हात लावू न देण्याइतकं तापेपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ. अॅल्युमिनियमच्या टाकीला कॉस्टिक चालत नाही. धातू खातो तो खातोच, वर हायड्रोजन सुटतो, म्हणजे एक आग काढून दुसरी भरल्यासारखं. तिथे साधा डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, आणि वाफ. धुतलेलं पाणी गटारात जात नाही, ड्रममध्ये साठवतो. तोही खर्च त्याच ओळीत आहे.

नंतर आत पेटणारी वाफ किती उरली ते दाखवणारा गॅस मीटर सोडतो. काटा शून्याला टेकल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च पेटत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासतो, कारण शिवणीतलं तेल मधल्या वेळात परत वाफ धरतं. त्यावरही आतली हवा हटावी म्हणून टाकीत आर्गॉन नाहीतर कार्बन डायऑक्साइड सोडून ठेवतो. काही टाक्यांत भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरतो, तोंड उघडं ठेवून. सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून वेल्डिंग करणारे अजून आहेत. स्वस्त पडतं. पण नुसत्या चालू ठेवलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरात भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

प्रत्यक्ष वेल्डिंग? ते चहा निवायच्या आत होतं. कुजका भाग कापून ठिगळ, नाहीतर पितळेचा डाग. मग थोडीच हवा भरून साबणाचं पाणी फिरवायचं. हवा जास्त भरली तर टाकी फुगते.

पूर्वी हे सगळं एकाच आकड्यात जायचं आणि त्यावर घासाघीस व्हायची. बिल फोडून दाखवायची कल्पना आईची. वह्या तीच बघायची. ती म्हणाली, "ज्याचे पैसे घेतोस ते काम लिहून दाखव." काही गिऱ्हाइकं त्या पावतीने गेली. राहिली त्यात ट्रान्सपोर्टवाले जास्त, कारण त्यांचे ड्रायव्हर रात्री टाकीशेजारीच झोपतात. पोरांना घासाघिशीत पडायची मुभा नाही. धुलाईत सूट नाही, वेल्डिंगमध्ये हवी तर बोला.

प्लास्टिकच्या टाक्या आम्ही घेत नाही, नवी बसवा असंच सांगतो. सीएनजीच्या सिलिंडरला तर हातही लावत नाही. त्याची दर 3 वर्षांनी अधिकृत केंद्रात चाचणी होते, तिथेच जावं. अलीकडे मोटरसायकलच्या टाक्या वाढल्या आहेत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की तळ गंजतो. त्यांच्यासाठी धुलाईचं वेगळं छोटं पिंप केलं आहे.

हंगामात टाकी सकाळी आली तर संध्याकाळी मिळते, दुपारनंतर आली तर दुसऱ्या दिवशी. गाडी अडू नये म्हणून नेहमीच्या मॉडेलच्या धुऊन ठेवलेल्या जुन्या टाक्या शेडमध्ये आहेत. अनामत ठेवून न्याव्यात, आणि परत आणताना डिझेल काढून आणाव्यात.